मदत करा, पण आजाराचं नाव न घेता

प्रश्न भांडुपच्या एका चाळीतून आला आहे. विचारणाऱ्या ताई तिथला महिला बचत गट चालवतात. चाळीतला एक रिक्षावाला गेल्या वर्षी वारला. मागे बायको, अकरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. आई आणि मुलगा दोघांचंही एचआयव्हीचं औषध चालू आहे, ही गोष्ट कुठून तरी फुटली. आता नळावर कुजबुज चालते, काही घरांनी आपल्या मुलांना तिकडे जायला बंदी केली आहे, आणि शाळेत त्या मुलाला शेवटच्या बाकावर एकट्याला बसवतात. ताई लिहितात, "आम्हा आठ-दहा बायकांना काहीतरी करायचंय. गटातून पैसे द्यावेत का? शाळेत जाऊन बोलावं का? चाळीत सगळ्यांना बसवून समजावून सांगावं का? आणि खरं सांगते, भीती आमच्याही मनात आहे. आमची मुलं त्याच्याबरोबर खेळतात."

ताई, शेवटी लिहिलेल्या भीतीपासूनच सुरुवात करते. ती लपवली नाहीत, हे फार बरं केलंत. मनात भीती ठेवून केलेली मदत समोरच्याला कळते. पाण्याचा पेला तुम्ही हातात देता की खाली ठेवता, एवढ्यावरून त्या आईला सगळं समजतं.

तुमच्या मुलांनी त्याच्याबरोबर खेळण्यात काहीही धोका नाही. एका ताटात जेवणं, एकाच बाटलीतून पाणी पिणं, चाळीचा सामायिक संडास वापरणं, पापी घेणं, खोकणं, शिंकणं, डास चावणं, यातल्या कशानेही एचआयव्ही पसरत नाही. तो पसरतो असुरक्षित शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून, एकमेकांची सुई वापरल्याने, आणि आईकडून बाळाला गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून. खेळताना पडून गुडघा फुटला तर? कोणाचाही गुडघा फुटला तरी जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवायची, दुसऱ्याच्या रक्ताला हात लावायची वेळ आली तर हातमोजा किंवा निदान प्लास्टिकची पिशवी घालायची. हा नियम प्रत्येक मुलासाठी आहे. कावीळ-बीसारखे आजारही रक्तातूनच जातात आणि ते कोणाला आहेत हे तोंडावर लिहिलेलं नसतं. शिवाय औषध नियमित चालू असलेल्या माणसाच्या रक्तात विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडेनासा होतो. अशा माणसाकडून शरीरसंबंधातूनही लागण होत नाही, हे आता जगभर मान्य झालं आहे. तिथे लपाछपीची काय कथा.

मी २००२ सालापासून मुंबईत एचआयव्ही असलेल्यांसाठी काम करते. पहिली दोन वर्षं आम्ही मुख्यतः माणसं मरताना पाहिली. १ एप्रिल २००४ ला सरकारने मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचा औषधोपचार, सुरू केली, तेव्हा देशात पहिल्या आठ केंद्रांत आपलं जे. जे. रुग्णालय होतं. लहान मुलांसाठीची वेगळी औषधं त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी आली. त्या काळात आमच्याकडे चार-पाच वर्षांची असलेली पोरं आज नोकरीला आहेत, काहींची लग्नं झाली, त्यांना निगेटिव्ह मुलं झाली. औषधाने आपलं काम केलं. माणसांच्या जिभेवर मात्र अजून औषध निघालेलं नाही, आणि तुमच्या चाळीत आत्ता ते पोर आजाराने हैराण नाहीये, जिभांनी हैराण आहे.

म्हणून तुमच्या सगळ्या प्रश्नांना माझं एकच मूळ उत्तर आहे. मदत अशी करा की ती करताना आजाराचं नाव घ्यावंच लागू नये.

हे मी चूक करून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत मी ज्या संस्थेत होते, तिची एक जीप होती. काचेवर लाल फीत आणि संस्थेचं पूर्ण नाव, त्यात एड्स हा शब्द. महिन्याला एकदा आम्ही त्या जीपमधून घरोघरी तांदूळ, डाळ, तेल पोचवायचो. मनापासून करायचो. पूर्व उपनगरातल्या एका वस्तीत तिसऱ्या महिन्यात जीप वळली आणि गल्लीतली पोरं ओरडली, "एड्सची गाडी आली!" चौथ्या महिन्यात त्या घराला कुलूप होतं. खोलीच्या मालकिणीने त्यांना जायला सांगितलं होतं. ती बाई दोन पोरांना घेऊन कुठे गेली ते कळायला पाच महिने लागले, आणि त्या पाच महिन्यांत तिची आणि धाकट्याची औषधं बंद होती. औषध मध्येच सुटलं की विषाणू त्याला दाद देईनासा होऊ शकतो आणि मग दुसऱ्या, जड औषधांवर जावं लागतं. धाकट्यावर तीच वेळ आली. आमच्या वीस किलो तांदळाने त्या घराला काय दिलं, हा हिशेब मी आजही विसरलेले नाही. पुढे आम्ही घरी जाणंच बंद केलं. जवळच्या वाण्याकडे जायचो आणि त्या घराच्या उधारीच्या वहीत पैसे भरून यायचो. वाण्याला वाटायचं, गावाकडचा कोणी दीर पैसे पाठवतो.

तेव्हा गटातून पैसे देण्याबद्दल. वर्गणी काढून पाकीट देऊ नका. पाकीट दिलं की कोणी दिलं, कशासाठी दिलं, किती दिलं हे चाळभर होतं, आणि ती बाई कायमची "ती मदतवाली" होते. तिला गटाची सभासद करून घ्या. इतर बायका जेवढा हप्ता भरतात तेवढाच तिने भरायचा, तिच्या पाळीला तिला कर्ज मिळायचं. एखाद्या महिन्यात जमलं नाही तर दंड माफ करा, जसा तुम्ही बाळंतपणाला गेलेल्या सुनेला माफ करता. आणि गटाची बैठक एकदा तिच्या खोलीत ठेवा. तिने चहा करावा, तुम्ही सगळ्यांनी तो प्यावा. मी आजवर जितकी व्याख्यानं दिली, त्या सगळ्यांपेक्षा दहा बायकांनी दार उघडं ठेवून प्यायलेला तो चहा चाळीला जास्त सांगून जाईल.

तिला खरी गरज कशाची असते, तेही सांगते. औषधाच्या दिवसाची. एआरटी केंद्रात ठरलेल्या तारखेला जावंच लागतं. समजा ती सायनला जात असेल. तिथल्या लोकमान्य टिळक रुग्णालयात मुलांचं मोठं केंद्र आहे. सकाळी पोराला घेऊन गर्दीच्या लोकलमध्ये चढायचं, केसपेपर, वजन, काउन्सेलर, डॉक्टर, औषधाची खिडकी, वर्षातून ठरलेल्या वेळी व्हायरल लोडसाठी, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते मोजण्यासाठी, रक्त. दिवस जातो, त्या दिवसाचा पगार जातो. जवळ केंद्र असताना इतक्या लांब कशाला, असं तिला कोणी विचारू नये. ओळखीचं माणूस रांगेत भेटू नये म्हणून अनेक जण मुद्दाम लांबचं केंद्र घेतात. भांडुपचा सायनला, सायनचा आणखी कुठे. तुम्ही एवढंच म्हणा, "उद्या तुझ्या मुलीला मी शाळेतून आणते, माझ्याकडेच जेवेल." कुठे चाललीस, का चाललीस, काही नाही.

आणि घरातलं औषध. दहा बाय बाराच्या खोलीत लपवायला जागा नसते. गोळ्यांची डबी हलवली की खुळखुळ वाजते, म्हणून बायका तिच्यात कापूस कोंबतात. हिरवं पुस्तक, म्हणजे उपचाराची नोंदवही, वर्तमानपत्रात गुंडाळून तांदळाच्या डब्यात खाली जातं. घरी पाहुणे आले की त्या दिवशी गोळी राहते, कारण काढणार कशी? अशा वेळी आम्ही बायकांना सांगतो की गोळीची वेळ पाण्याच्या वेळेला बांधा. चाळीत पाणी पहाटे साडेपाचला येत असेल तर ती वेळ मुंबईतली कुठलीही बाई चुकवत नाही, आणि त्या घाईत कोण काय तोंडात टाकतंय हे बघायला कोणाला सवड नसते. आणखी एक गोष्ट मी वारंवार पाहिली आहे. आई मुलाची गोळी कधी चुकवत नाही, स्वतःची चुकवते. तिची तब्येत उतरलेली दिसली, खोकला लागला, रात्री घाम येतो म्हणाली, तर "चल, दाखवून येऊ" म्हणून घेऊन जा. मुंबईत टीबी घरोघरी आहे, त्यामुळे खोकल्यासाठी कोणालाही नेण्यात संशय येण्यासारखं काही नाही. एचआयव्ही असलेल्यांना टीबी लवकर गाठतो. त्यांच्या बाबतीत खोकल्याचे दोन आठवडे मोजत बसायचं नसतं. ताकदीची पूड, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या, पित्ताचं औषध मात्र प्रेमापोटीही स्वतःहून देऊ नका. एचआयव्हीच्या काही गोळ्या या गोष्टींबरोबर घेतल्या तर अंगी लागत नाहीत. मध्ये किती तासांचं अंतर ठेवायचं ते तिचे डॉक्टर सांगतील. आणि स्टेशनबाहेर "मुळापासून बरा करतो" म्हणणारा कोणी भेटला तर तिला तिकडे जाऊ देऊ नका.

आता मुलाबद्दल, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण तुमच्या पत्रात ही गोष्ट नाही आणि माझ्या मते आत्ता तीच सगळ्यात तातडीची आहे. त्या सात वर्षांच्या मुलाला आपण कशाची गोळी घेतो हे बहुतेक माहीत नसणार. आया सांगतात, ताकदीची गोळी, दम्याची गोळी. सातव्या वर्षी आजाराचं नाव सांगायची घाई नसते, पण खोटंही सांगायचं नसतं, कारण पुढे ते खोटं निस्तरावं लागतं. आम्ही टप्प्याटप्प्याने सांगतो. आधी रक्तातल्या पहारेकऱ्यांची गोष्ट, मग त्यांना त्रास देणारा एक जंतू, मग तो जंतू रोजच्या गोळीने झोपून राहतो ही गोष्ट. नाव येतं दहाव्या-बाराव्या वर्षाच्या आत, आईच्या किंवा आजीच्या तोंडून, काउन्सेलर शेजारी बसलेला असताना. नऊ वर्षांच्या एका मुलाने ही गोष्ट ऐकून मला विचारलं होतं, "म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनसारखं? वॉचमनला चहा दिला नाही तर तो झोपतो. गोळी म्हणजे वॉचमनचा चहा." त्यानंतर त्याच्या घरी गोळीला चहाच म्हणायला लागले. आजी सगळ्यांसमोर हाक मारायची, "वॉचमनचा चहा झाला का रे?" आणि कोणाला काही कळायचं नाही.

तुमच्या चाळीत ही सगळी वेळ हातातून जाते आहे. एक दिवस खेळता खेळता कोणीतरी पोर त्याच्या तोंडावर म्हणेल, "तुला एड्स आहे, तुझा बाप त्यानेच मेला." स्वतःच्या आजाराचं नाव असं शिवीसारखं अंगावर आलेली मुलं मी पाहिली आहेत. ती मुलं पहिली गोष्ट कुठली करतात तर गोळी थुंकतात. पुढे सोळा-सतराव्या वर्षी औषध सोडून देणाऱ्यांशी बोलताना खोदत गेलं की पुष्कळदा तळाशी असाच एक दिवस निघतो. म्हणून तुमच्या आठ-दहा जणींचं पहिलं काम मोठ्या माणसांना गप्प करण्याचं आहे, निदान मुलांच्या कानाशी. "त्याला तसलं काहीतरी आहे ना गं?" असं कोणी विचारलं तर खोटं बोलू नका, खरंही सांगू नका. "त्यांच्या घरातलं त्यांना माहीत. माझ्याकडे तो रोज येतो, जेवतो," एवढं बोला आणि भाजी निवडत राहा. दहा जणींनी दहा वेळा हेच उत्तर दिलं की विचारणारी थकते. आणि तुमच्यापैकी जी त्या आईच्या सगळ्यात जवळची असेल, तिने एकटीने तिच्या कानावर घालावं की बाहेर बोलणं चाललंय, काउन्सेलरला लवकर भेट. घाबरवायचं नाही, पण हे तिला कळायला हवं.

अकरा वर्षांच्या मुलीला कोणी बघत नाही. सगळ्यांचं लक्ष औषधवाल्या मुलाकडे असतं, आणि धडधाकट मुलगी घरातली दुसरी बाई होऊन बसते. पाणी भरते, भात लावते, भावाला गोळी देते, आई केंद्रात गेली की शाळा बुडवते. सातवी-आठवीत तिची शाळा सुटते आणि कोणाला धक्काही बसत नाही. अशा एका घरातली गोष्ट सांगते. आईवडील दोघंही गेलेले, भावंडं काकाकडे. काकू वाईट नव्हती, घाबरलेली होती. तिने धाकट्याच्या ताटाखाली लाल नेलपॉलिशचा एक ठिपका लावला होता, ताटं मिसळू नयेत म्हणून. ताटावर सगळ्यांचं नाव एकच, काकाच्या वडलांचं, खाली ठिपका फक्त एकावर. मोठी बहीण बारा वर्षांची होती. एका दुपारी काकू बाजारात गेली असताना तिने घरातल्या सगळ्या ताटांना, वाट्यांना, पेल्यांना ठिपके लावून ठेवले. काकूने तिला मारलं. मुलगी मला केंद्रात हे सांगत होती तेव्हा तिच्या नखांवर तोच लाल रंग होता. आम्ही काकूला बोलावलं, दोन-तीन वेळा बसवून समजावलं, डॉक्टरांनी तिच्या सगळ्या शंका ऐकून घेतल्या. ठिपके पुढे घासून घासून आपोआप गेले. पण त्या मुलीने जे केलं ते आम्हा मोठ्यांना सुचलं नव्हतं.

तर त्या मुलीला तुमच्यातल्या एकीने आपलं म्हणा. तिचा अभ्यास, तिच्या पाळीचे दिवस लवकरच सुरू होतील ते, तिची शाळा बुडू न देणं. तिची तपासणी झाली आहे का, हे तुम्ही विचारू नका. आई केंद्रात जाते आहे, तिथे ते विचारतातच. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७ चा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ पासून. त्यात म्हटलं आहे की अशा घरातलं १२ ते १८ वयाचं समजूतदार मूल धाकट्या भावंडाचं पालक म्हणून शाळाप्रवेश, बँकेचं खातं, मालमत्ता आणि उपचार यांबाबत काम पाहू शकतं. वेळ येऊ नये, पण आली तर अशा मुलांना "मोठं माणूस घेऊन ये" म्हणून परत पाठवणाऱ्या खिडक्या पुष्कळ आहेत. तिथे हा कायदा सांगावा लागतो.

चाळीत सगळ्यांना बसवून समजावण्याचं आत्ता अजिबात करू नका. या आठवड्यात एड्सचा कार्यक्रम ठेवलात तर बोलणारा काहीही बोलो, ऐकणाऱ्यांच्या माना त्या एका दाराकडे वळतील. चार-सहा महिने जाऊ द्या. मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला किंवा गणपती मंडळाच्या आरोग्य शिबिरात, टीबी, साखर, रक्तदाब, ॲनिमिया यांच्याबरोबर एचआयव्हीही घ्या. मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्था वडाळ्याला आहे. महापालिकेच्या रुग्णालयांतल्या आयसीटीसीमधले, म्हणजे तपासणी आणि समुपदेशन केंद्रातले, काउन्सेलर अशा ठिकाणी बोलायला येतात. त्यांना आधीच सांगून ठेवा की चाळीत एक घर आहे आणि त्या घराबद्दल एक शब्दही निघता कामा नये. कुठलं घर, तेही त्यांना सांगू नका. चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी त्या कुटुंबाबद्दल घाणेरडं लिहिलं, तर ॲडमिनला शांतपणे सांगा की अशा लोकांविरुद्ध द्वेष पसरवणं याच कायद्याने गुन्हा आहे, तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भांडू नका, नुसतं सांगा. बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

शाळा. इथे तुमचा उत्साह आवरायला सांगणार आहे. आईच्या परवानगीशिवाय शाळेत जाऊ नका. दहा बायकांचं शिष्टमंडळ तर अजिबात नको. तुम्ही मुख्याध्यापिकांसमोर "एचआयव्ही" म्हणालात की आतापर्यंत जी अफवा होती, तिच्यावर शिक्का बसला. ज्याचा आजार आहे त्याच्या संमतीशिवाय तो उघड करायचा नाही, हे कायद्यातही आहे. चांगल्या हेतूने केलं म्हणून ते उघड करणं वेगळं ठरत नाही. आईने जावं, सोबतीला एकच जण, आणि प्रश्न एकच: "माझ्या मुलाला एकट्याला मागे का बसवता?" आजाराचा उल्लेख आईने करायचा नाही. कुठल्याही मुलाला असं वेगळं पाडणं हा मानसिक छळ आहे, आणि शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने त्याला बंदी आहे. बाईंनीच आजाराचं नाव काढलं, तर मग २०१७ चा कायदा आहे. एचआयव्ही असलेल्या किंवा असलेल्याच्या घरात राहणाऱ्या कोणालाही शिक्षणात वेगळं वागवता येत नाही, वेगळं बसवता येत नाही, शाळेत घ्यायला किंवा ठेवायला तपासणी मागता येत नाही. बहिणीलाही हे संरक्षण आहे. शाळेने ऐकलं नाही तर या कायद्याखाली राज्याच्या पातळीवर नेमलेल्या लोकपालाकडे लेखी तक्रार करता येते, आणि त्याने ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो.

माझा अनुभव असा की शिक्षक बहुतेक वेळा दुष्ट नसतात. इतर पालकांनी धमकावलेले असतात, "त्याला काढा नाहीतर आमची मुलं काढतो." मग शेवटचा बाक ही त्यांना तडजोड वाटते. इथे तुम्ही खूप काही करू शकता, कारण तुम्ही त्याच शाळेतल्या इतर मुलांच्या आया आहात. पालकसभेत तुमच्यातल्या दोघींनी म्हणावं, "बाई, माझ्या मुलाला त्याच्या शेजारी बसवा, दोघं मित्र आहेत." कारण काही सांगू नका. मी हे दोन शाळांमध्ये होताना पाहिलं आहे, आणि दोन्ही ठिकाणी शिक्षिकेच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव आला तो मला आठवतो. तिलाही कोणीतरी असं म्हणायला हवं होतं.

पैशाच्या सरकारी वाटा आहेत, आणि त्यातही तोच नियम लावायचा. संजय गांधी निराधार योजनेत एचआयव्हीबाधितांना अनुदान मिळतं, पण ते निराधार विधवेलाही मिळतं. तिने विधवा म्हणून अर्ज केला तर पतीचा मृत्यूचा दाखला लागेल, आजाराचं प्रमाणपत्र लागणार नाही. अर्जावरून आजार बाहेर फुटण्याचा प्रकार मी पाहिला आहे. टेबलावरची फाईल चार जण उघडतात. तसंच मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, जिला आता सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलं आहे. २०२३ पासून एका मुलामागे महिन्याला २,२५० रुपये आहेत. त्यातही एक पालक गेलेलं मूल म्हणून दोन्ही भावंडांचा अर्ज करता येतो. भांडुप उपनगर जिल्ह्यात येतं, तेव्हा उपनगरच्या महिला व बालविकास कार्यालयात जायचं. पुढे बालकल्याण समितीपुढे मुलांना घेऊन जावं लागतं. फॉर्म भरणं, झेरॉक्स काढणं, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी खेटे घालणं यात तुमच्या गटातली एखादी चलाख मुलगी तिच्याबरोबर असली तर सहा महिन्यांचं काम दोन महिन्यांत होतं.

आणि खोली. नवरा गेला की महिन्या-दोन महिन्यांत सासरची माणसं येतात. "तिनेच आमच्या पोराला दिलं," असं म्हणायला सुरुवात होते, आणि त्यामागे पुष्कळदा खोली असते. सामायिक घरात राहण्याचा, घरातून बाहेर न काढलं जाण्याचा हक्क तिला एचआयव्हीच्या त्याच २०१७ च्या कायद्याने आहे. पण हक्काच्या आधी कागद. खोलीची पावती, रेशनकार्ड, वीजबिल, यांवर तिचं नाव चढलं आहे का ते बघायला सांगा. चाळ किंवा वस्ती पुनर्वसनात जाणार असेल तर परिशिष्ट-२ मध्ये, म्हणजे पात्र रहिवाशांच्या यादीत, नाव कोणाचं आहे, हे आजच बघा. बिल्डरची माणसं मोजणीला आल्यावर दीर पुढे होतो आणि ही बाई बाजूला पडते, असं मी एकदा नाही, अनेकदा पाहिलं आहे. यात तुम्ही जिवाच्या आकांताने मदत करा. इथे आजाराचा काही संबंधच नाही, कोणत्याही विधवेसाठी तुम्ही हेच कराल.

काही अडलं तर १०९७ हा एड्सचा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे, नाव न सांगता बोलता येतं. मुलांना कोणी त्रास देत असेल तर १०९८.

आता, ती तुमची मदत नको म्हणाली तर? म्हणण्याची शक्यता बरीच आहे. तिला वाटेल, यांनीच बोभाटा केला आणि आता दया दाखवायला आल्या. दार लावून घेईल, कदाचित दोन शब्द उलटून बोलेल. रागावू नका आणि पुन्हा पुन्हा दार वाजवूही नका. सकाळी नळावर ती येईलच. बाकीच्या जणी कळशी उचलून बाजूला सरतील तेव्हा तुम्ही सरू नका. तिची कळशी भरून होईपर्यंत तिच्याशेजारी उभ्या राहा.